बोटांची शर्यत

गेल्या वर्षीची भाऊबीज. दुपारची जेवणे आटोपली होती आणि वडीलधारी मंडळी बासुंदीच्या गुंगीत जरा आडवी झाली होती. इतक्यात मधल्या खोलीतून टक्‌टक्‌टक्‌टक्‌ असा आवाज सुरू झाला. क्षणभर थांबे, की पुन्हा दुप्पट वेगाने सुरू होई. सासूबाई दचकून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "कोन वं हे, भर दुपारी सुपारी कुटून रायलं?"

मी जाऊन पाहिले तो नणंदेची दोन्ही मुले आणि शेजारची तीन पोरे टीव्हीसमोर गुडघे टेकून बसलेली. हल्ली बाजारात जुने खेळ भरलेली एक बोटभर काडी मिळते. ती टीव्हीला खोचली की शेकडो खेळ पडद्यावर उतरतात. त्यांतला धावण्याच्या शर्यतीचा खेळ चालला होता. मुलांचे चेहरे लाल झाले होते, कपाळावर घाम होता, आणि बोटे बटणांवर अशी नाचत होती की ती वेगवेगळी दिसेनाशी झाली होती. एवढी सगळी धावपळ. पण धावत मात्र कुणीच नव्हते.

तो खेळ मी चटकन ओळखला. तीस वर्षांपूर्वीची माझी त्याची ओळख. म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवाळी अंकात परीक्षण यावयाचे ते एखाद्या कादंबरीचे, नाटकाचे, फार तर बोलपटाचे, अशी आपली रीत आहे. व्हिडिओ गेमचे कसले परीक्षण, असे वाचकांपैकी कित्येकांना वाटेल. त्यांतून लिहिणारी मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, चिखलीतल्या एका लहानशा खाजगी शाळेत बाराखडी आणि पाढे शिकवणारी बाई. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून टीकाशास्त्र येते असे नाही. परंतु ज्या वस्तूवर घरोघरची मुले जीव टाकतात, जिच्यापायी जेवणाच्या हाका ऐकू येत नाहीत, तिच्यात गोडी कशाची आणि उणे काय, हे कोणी तरी सांगावयास हवेच की! मुले सांगणार नाहीत, कारण ती खेळण्यात गुंग. आणि वडील सांगणार नाहीत, कारण ते रागावण्यात गुंग.

प्रथम खेळाचे मूळ सांगते. १९८३ साली जपानच्या कोनामी या कंपनीने हा खेळ काढला. पुढच्या वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. त्याचा मुहूर्त साधून जपानात याचे नाव ‘हायपर ऑलिंपिक’ ठेवले, आणि इतर देशांत तो ‘ट्रॅक अँड फील्ड’ या नावाने गेला. दुकानात उभे राहून, नाणे टाकून खेळावयाचे ते यंत्र होते. त्यात सहा प्रकार : शंभर मीटर धावणे, लांब उडी, भालाफेक, ११० मीटर अडथळ्यांची शर्यत, हातोडाफेक आणि उंच उडी. बटणे मात्र तीनच. दोन धावण्याची आणि एक उडी मारण्याचे किंवा फेकण्याचे. धावण्याची बटणे जितक्या जलद बडवाल, तितका पडद्यावरचा गडी जलद धावणार. प्रत्येक प्रकारात किमान अमुक इतके गाठले पाहिजे अशी अट. न गाठल्यास खेळ खलास, आणि नाणेही!

याच सुमारास, १९८३ च्या जुलैत, निंटेंडो या जपानी कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे घरी टीव्हीला जोडावयाचे यंत्र निघाले. त्याच्या स्वस्त नकला पुढे जगभर निघाल्या आणि नव्वदीच्या दशकात आपल्याकडच्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचल्या. कॅसेटवर ‘९९९९ खेळ एकात’ असे छापलेले असे. आत दहा-बारा खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा घातलेले असत. आम्हा मुलांना त्या फसवणुकीचा राग आल्याचे मला आठवत नाही. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव हा आकडा उच्चारण्यातच अर्धे सुख होते.

आमच्या मामांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून असे एक यंत्र आणले ते १९९३ साली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्याच वर्षी एक गोष्ट घडली होती, ती सांगितल्याखेरीज माझ्या परीक्षणातला पक्षपात वाचकांना कळणार नाही. सातवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत शंभर मीटरला माझा दुसरा नंबर आला होता. बक्षीस म्हणून स्टीलची एक वाटी मिळाली. आठवीत गेले आणि घरात ठरले की पोरगी आता मोठी झाली, मैदानावर धावणे पुरे. कुणी रागावले नाही, कुणी मारले नाही. आजीने नुसते, "बस झालं आता", एवढेच म्हटले, आणि ती वाटी देवघरात हळदीकुंकवासाठी गेली. ती अजूनही आईच्या देवघरात आहे.

अशा वेळी मामांच्या घरी तो खेळ भेटला. मामेभाऊ तिघे, मी एकटी मुलगी. हातात धरावयाच्या यंत्राला आम्ही सगळे रिमोट म्हणत असू. पडद्यावर तांबड्या पट्ट्यावरून धावणारा गडी पुरुष असे. पण त्याचे पाय माझ्या बोटांवर चालत, आणि माझी बोटे सडासारवणाने आणि भाकऱ्या थापण्याने तयार झालेली! पहिल्याच रविवारी मी तिघांनाही हरवले. आजी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिले, पण काही म्हटले नाही. घरात बसून, पदर-ओढणी सावरून, आवाज न करता धावावयास कुणाची हरकत नव्हती.

तेव्हा या खेळाची पहिली थोरवी मला कबूल केलीच पाहिजे. तो कुणालाही आत घेतो. बुद्धिबळात चाली शिकाव्या लागतात, क्रिकेटला मैदान आणि दहा सोबती लागतात. इथे एक वाक्य पुरते : ‘हे बटण जोरात बडव.’ सहा वर्षांचे पोर आणि साठ वर्षांचे आजोबा एका रांगेत उभे राहतात, आणि कित्येकदा पोरच जिंकते. शिकण्यात वेळ जात नसल्यामुळे भांडणाला आणि हसण्याला वेळ उरतो. दिवाळीच्या दिवशी घरात जमलेल्या दहा माणसांना जो खेळ दहा मिनिटांत एकत्र बसवतो, त्याला क्षुद्र म्हणण्याची माझी छाती नाही.

दुसरी थोरवी अशी की या खेळात खरोखरच दमावयास होते. बाकीच्या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावरचा शिपाई डोंगर चढून गेला तरी आपण लोडाला टेकूनच असतो. इथे शंभर मीटर संपेपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो, अंगठा बधिर होतो. पडद्यावरच्या गड्याचा वेग आपल्या अंगातूनच उसना घेतलेला असतो. म्हणून जिंकल्यावर जो आनंद होतो त्यात थोडा का होईना घामाचा वाटा असतो. जपानात तोशियुकी ताकाहाशी या नावाचा हडसन कंपनीचा एक माणूस सेकंदाला सोळा वेळा बटण दाबतो म्हणून १९८० च्या दशकात मुलांचा लाडका वीर झाला होता. आपल्याकडे तबलजीच्या बोटांचे कौतुक होते, तसेच ते.

परंतु या खेळाची खरी कला दोन्हींतही नाही. ती आहे लांब उडीत आणि भालाफेकीत. तिथे आधी जिवाच्या आकांताने बटणे बडवावी लागतात आणि फळी जवळ आली की त्याच क्षणी ते सगळे सोडून तिसरे बटण दाबून धरावे लागते. जितका वेळ धरावे तितका कोन वाढत जातो. योग्य कोन आला की सोडून द्यावयाचे. म्हणजे आधी बेभान व्हावे आणि पापणी लवण्याच्या आत भानावर यावे! जो नुसताच बेभान असतो त्याचा पाय फळीपलीकडे पडतो. जो नुसताच सावध असतो तो फळीपर्यंत वेगाने पोचतच नाही. हे दोन्ही एका देहात बसवणे किती अवघड आहे हे स्वयंपाकघरात कढत तेलात चकली सोडणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. शंभर मीटरचा प्रकार माझ्या मते या खेळातला सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत सामान्य प्रकार आहे. तिथे बडवण्याखेरीज काही नाही. भालाफेकीत मात्र रचनाकाराने थट्टाही ठेवली आहे. भाला फार उभा फेकला की तो पडद्याबाहेर जातो आणि आभाळातला एखादा पक्षी घेऊन खाली येतो, त्याचे जादा गुण. इतक्या घाईच्या खेळात अशी एक खोडी काढावीशी वाटणे, यावरून तो काढणारा माणूस रसिक असला पाहिजे.

आता उणिवांकडे वळते. पहिली उणीव खेळाच्या मुळातच आहे. जलद धावणे म्हणजे पाय जलद हलवणे, असे हा खेळ धरून चालतो. २००९ साली बर्लिनला उसेन बोल्टने शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला तो सुमारे ४१ पावलांत. म्हणजे सेकंदाला चारांहून थोडीच अधिक पावले! ताकाहाशीची सोळा बोटे कुठे आणि बोल्टची चार पावले कुठे? शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे की वेगवान धावपटू आणि तुमच्याआमच्यासारखा साधा धावणारा यांच्या पाय पुढे आणण्याच्या वेगात फारसा फरक नसतो. पाऊल जमिनीला किती जोराने रेटते, यात खरा फरक असतो. या खेळाला जमीनच नाही. त्यामुळे धावण्याचे जे मर्म तेच त्यातून गळले आहे.

दुसरी उणीव पहिलीहून सूक्ष्म आहे. धावणे शिकवणारा कोणताही जाणता मास्तर मुलांना सांगतो : खांदे सैल सोड, मुठी आवळू नकोस, दात-ओठ खाऊ नकोस. पूर्ण वेगातही अंग मोकळे ठेवणे हीच धावण्यातली विद्या. या खेळात नेमके उलटे घडते. हात जितका ताठ, जितका आखडलेला, तितकी बोटे जलद थरथरतात. म्हणजे हा खेळ मुलांना प्रयत्नाचे एक खोटे चित्र दाखवतो. प्रयत्न म्हणजे आवळणे, असे. मी वर्गात रोज पाहते. ज्या मुलाला अक्षर चांगले काढावयाचे असते ते पेन्सिल इतकी घट्ट धरते की टोक मोडते.

तिसरी उणीव कोनाची. खेळात लांब उडी ४५ अंशांच्या आसपास मारली की ती सर्वांत लांब जाते. शाळेच्या पुस्तकातला चेंडू तसाच उडतो खरा. माणूस तसा उडत नाही. पूर्ण वेगात धावत असता अंग तेवढे वर उचलता येत नाही. उचलावयाचे तर वेग सोडावा लागतो. म्हणून खरे उडीपटू साधारण वीस अंशांच्या आसपास झेपावतात. भालाही तिशी-पस्तिशीच्या कोनातच सुटतो. टोकियोला २०२१ साली नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आमच्या भाच्याने मला विचारले होते, "मामी, त्यानं भाला इतका आडवा का फेकला?" पोराचा भूगोल-विज्ञान सगळा त्या खेळातून आलेला! देहाच्या मर्यादेतूनच देहाचे सौंदर्य निर्माण होते. मर्यादाच नसलेल्या गड्याला कसले सौंदर्य?

चौथी गोष्ट हास्यास्पद आहे, पण तीच मला सर्वांत बोलकी वाटते. खेळ बोटांच्या वेगावर उभा राहिला, आणि लोक लगेच बोटांना फाटा देण्याच्या मागे लागले. जपानी मुलांनी दुकानातल्या यंत्रावर लोखंडी फूटपट्टी कंप पाववून बटणे वाजवली. ती फूटपट्टी! मी वीस वर्षे जी वर्गात घेऊन उभी राहते, तिचा असा उपयोग मला कधी सुचला नसता. आम्ही चिखलीत ओढणीचे टोक बटणावर ठेवून त्यावरून नख घासत असू. त्याने साल जात नसे. पुढे यंत्र बनवणाऱ्यांनीच रिमोटवर दोन जादा बटणे बसवली. ती नुसती दाबून धरली की मूळ बटण आपोआप टकटक वाजत राही. मोठ्या मामेभावाला हे बटण सापडले त्या दिवशी त्याने शंभर मीटर बसल्या जागी, पेरू खात खात जिंकले. आम्ही ओरडलो. मग त्याने सगळ्यांना ते दाखवले. सगळेच जिंकू लागले, आणि आठवडाभरात तो खेळ आमच्यातून उठला. ज्या कसोटीला यंत्र स्वतःच उतरू शकते ती कसोटी माणसाची उरत नाही. कादंबरी लिहिणाऱ्यांनीही हल्लीच्या दिवसांत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हे दोष इतरांना दिसले नव्हते असे नाही. १९८३ सालीच अमेरिकेत डेव्हिड क्रेनने ‘डेकॅथलॉन’ केला. त्यात बटणाऐवजी दांडा डावी-उजवीकडे हलवावयाचा. हात जास्त दुखू लागले आणि दांडे मोडू लागले, एवढाच फरक. १९८६ साली जपानच्या बांदाई कंपनीने जमिनीवर अंथरावयाची सतरंजीसारखी चटई काढली. तिच्यावर खरोखर पाय नाचवले की पडद्यावरचा गडी धावे. कल्पना उत्तम! परंतु मुले ती मुलेच. लांब उडीच्या वेळी ती चटईवरून खाली उतरून आरामात उभी राहत आणि सवडीने परत चढत. पडद्यावरचा गडी तोवर हवेतच. कित्येक जण गुडघ्यांवर बसून हातांनीच चटई बडवीत. पुन्हा बोटांची शर्यत सुरूच.

या सर्वांत मला विचारी वाटतो तो २००८ सालचा ‘क्वॉप’ नावाचा लहानसा खेळ. बेनेट फॉडी या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने तो केला. त्यातही शंभर मीटरच धावावयाचे. पण चार कळा चार स्नायूंच्या. दोन मांड्यांच्या, दोन पोटऱ्यांच्या. घाईने बडवल्या की गडी तोंडावर आपटतो. शंभर मीटर राहिले, दहा पावले टाकणेही बहुतेकांना जमत नाही. लोक हसून हसून लोळतात. त्या हसण्यातून एक गोष्ट मात्र मनात उतरते. आपण रोज न कळत चालतो, धावतो, हेच केवढे अद्भुत आहे! जे ‘हायपर ऑलिंपिक’ सोपे करून विसरायला लावतो, ते ‘क्वॉप’ अवघड करून आठवून देतो. तथापि भाऊबीजेच्या दुपारी पाच पोरांना तो कोणी देऊन पाहावा. दहा मिनिटांत ती पत्ते काढतील. शहाणा खेळ आणि लाडका खेळ हे नेहमी एक नसतात; पुस्तकांचेही तसेच आहे.

राहिली शेवटची उणीव, आणि ती मला मनापासून सलते. या खेळाला दहा-पंधरा सेकंदांपलीकडचा प्रयत्न माहीत नाही. सहांतला एकही प्रकार असा नाही की ज्यात आपला दम राखून ठेवावा लागतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत धावतो. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. २०२२ साली बर्मिंगहॅमला त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. आठ मिनिटे धावून अंतर उरले सेकंदाच्या पाच शतांशांचे! ती आठ मिनिटे केव्हा पुढे जावे, केव्हा मागे राहावे, छातीतला किती श्वास कशासाठी ठेवावा, या विचारांनी भरलेली असतात. बटण बडवून ती कशी दाखवणार?

आणि ज्या लॉस एंजेलिसच्या मुहूर्तावर हा खेळ निघाला, तिथेच ८ ऑगस्ट १९८४ रोजी पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. तिची वेळ ५५.४२ सेकंद आणि तिसऱ्या क्रमांकाची ५५.४१. स्त्रियांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये त्या वर्षी प्रथमच झाली. आमच्या खेळातही पडद्यावर सेकंदाचे शतांश दिसत. शतांशाने हरलो की आम्ही चुकचुकत असू आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबत असू. उषाला ते बटण नव्हते. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला ती शर्यत आठवत नाही. पुढे कधी तरी तिचे चित्रण पाहिले, तेव्हा मामांच्या घरची ती दुपार आठवली आणि मन एकदम खजील झाले. मी तीन वर्षे धावण्याची हौस बोटांवर भागवली होती. भागली म्हणून कुणाजवळ काही मागितले नाही. तो खेळ नसता तर मी आजीशी भांडले असते का? कुणास ठाऊक. बहुधा नसते. पण निदान काही तरी हिरावले गेले आहे हे मला त्याच वेळी कळले असते.

ज्या खेळाने मला सुख दिले त्यावर हा आरोप ठेवणे कृतघ्नपणाचे आहे, हे मला कळते. म्हणून एक अलीकडची हकिकत सांगून परीक्षण संपवते.

माझ्या शाळेत पहिली-दुसरीला असलेली एक मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना आठशे मीटर धावणे, शंभर मीटर धावणे आणि गोळाफेक. तिन्ही मिळून पन्नास गुण. आमच्या भागात पहाटे कोणत्याही रस्त्याने जा, अशी मुले-मुली धावताना दिसतील. सोयाबीन-कापसाच्या घरांतली ही मुले; वर्दी मिळाली तर घर वर येते. त्या भाऊबीजेच्या संध्याकाळी ती फराळाला आमच्याकडे आली. भाच्यांनी तिला धरून खेळायला बसवले. तिला रिमोट धरण्याचीही सवय नव्हती. नऊ वर्षांच्या भाच्याने तिला सलग चार वेळा हरवले आणि टाळ्या पिटल्या. तीही खूप हसली. उठताना अंगठा चोळत मला म्हणाली, "बाई, मजा हाय. पन याच्यात दम नाही लागत."

मी एवढी पाने लिहून जे सांगितले ते तिने चार शब्दांत सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला बोलावले. बरोबर धावणारी तिची मैत्रीण दिवाळीला आजोळी गेली होती आणि वेळ लावायला कुणी नव्हते. मेहकरच्या रस्त्याला दोनशे-दोनशे मीटरचे दगड आहेत. दोन दगड जाऊन परत आले की आठशे मीटर. धुके होते, गार होते. तिने चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या, बूट घातले आणि आपला मोबाइल माझ्या हाती दिला. "बाई, मी हात खाली केला की हे दाबा, अन् दगडाला हात लावला की पुन्हा दाबा. मध्ये हात नका लावू."

मी एकदा दाबले. ती धुक्यात गेली. पावलांचा आवाज काही वेळ आला, मग तोही थांबला. रस्त्यावर मी एकटी, अंगठा काचेपासून वितभर दूर धरून. आकडे भराभर पळत होते आणि मला करण्यासारखे काही नव्हते. इतकी अस्वस्थ मी मामांच्या घरी कधी झाले नव्हते. मग धुक्यातून पुन्हा पावले ऐकू आली. आधी जड, मग जवळ येता येता जलद. तिचे तोंड उघडे होते, ओढणी नव्हती, डोळे दगडावर. तिने दगडाला हात लावला. मी दुसऱ्यांदा दाबले.

गुडघ्यांवर हात टेकून ती बराच वेळ नुसती श्वास घेत होती. मग मान वर न करताच तिने विचारले, "किती?"

"तीन मिनिटं अकरा सेकंद."

"परवा चौदा होते," ती म्हणाली, आणि पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढे केला.